मोपा तासाभरावर आहे, तर चिपी हवा कशाला?

परुळेगावचा: ‘मोपा तासाभरावर असताना चिपीवर आणखी पैसा ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,’ हे काल येथे वाचले आणि राहवले नाही. सिंधुदुर्गातला, आमच्या परुळ्याजवळचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून प्रवासी विमाने ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली, तेव्हा आगंतुक कोण हे आधी ठरवावे. दोन्ही विमानतळांमधले अंतर हवेतून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास असले, तरी रस्त्याने ते साठीच्या पुढे जाते, आणि पावसाळ्यात परुळ्याहून कुडाळपर्यंतच्या वळणांवर समोर एसटी आली की तुमचा तो तास तिथेच संपतो.

बांदेकर भाऊ: ते वाक्य माझेच होते आणि मी ते मागे घेणार नाही. बांद्याहून मोपा अर्ध्या तासाच्या आत येतो, आणि तिथून देशभर विमाने जातात. चिपीचे तिकीट काढायचे आणि उड्डाण रद्द झाल्याचा संदेश येईल म्हणून रात्रभर फोनकडे पाहत बसायचे, हे मी भोगलेले आहे. अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्यांनी खात्रीही मोजावी.

देवगडवाली: बांदा म्हणजे अख्खा सिंधुदुर्ग नव्हे, भाऊ! देवगडहून मोपा शंभर किलोमीटरच्या वर पडतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाईंना मागच्या सीटवर उशा लावून आम्ही मोप्याहून घरी आणले, तेव्हा कणकवलीपर्यंतच त्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. त्यात गाडी आमच्या ओळखीची, महाराष्ट्राच्या नंबरची. ती पाहून तिथल्या एका टॅक्सीवाल्याने आमच्या चालकाशी जो वाद घातला, तो सासूबाई अजून सांगतात.

पेडण्याचा शेजारी: ताई, तुम्हाला त्रास झाला हे वाईटच, पण ज्यांच्या काजूच्या बागा आणि शेते विमानतळात गेली, त्यांनी निदान टॅक्सीचा धंदा आपल्याकडे राहावा म्हटले तर त्यात गुन्हा काय? जमीन आमची, आवाज आमच्या डोक्यावर आणि भाडे मात्र कुडाळच्या गाडीला, हा न्याय कुठला?

देवगडवाली: जमीन चिपीतही गेली आहे, म्हणून तिथला कोणी गोव्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात आपटत नाही.

परुळेगावचा: आपटेल कसा? आपटायला विमान तर उतरले पाहिजे! टॅक्सी घेतलेली आमची मुले हप्ते फेडता फेडता जेरीस आली आहेत.

बांदेकर भाऊ: पाहा, माझाच मुद्दा तुमच्या तोंडून आला.

परुळेगावचा: आला, कारण तो खरा आहे, पण त्यावरचा तुमचा उपाय मात्र रोग्यालाच पुरण्याचा आहे. नव्या विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत आधीचा विमानतळ असेल तर केंद्राने परिणाम तपासावेत, असे २००८ चे धोरण सांगते. गोव्यातला जुना दाबोळी विमानतळ, मोपा आणि चिपी असे तिघेही त्या परिघात बसवल्यावर ‘अंतर कमी आहे’ हा शोध आता लावण्यात काय अर्थ आहे?

बांदेकर भाऊ: ठीक आहे, मालवण आणि देवगडच्या लोकांसाठी मुंबईचे एक विमान रोज, वेळेवर सुटत असेल तर चिपी चालू राहण्यास माझी परवानगी समजावी. तोवर मी मोप्यालाच जाणार.

पेडण्याचा शेजारी: या, पण टॅक्सी आमची घ्या.