‘म्हातारी माणसं वाटेला लावायला परवानगी’ म्हणे!

टिळकवाडीकर
बेळगावात जिथं बघावं तिथं एकच मेसेज फिरतोय. ‘कर्नाटक सरकारने इच्छामरणाला परवानगी दिली. आता डॉक्टर इंजेक्शन देणार, मुलांना म्हातारे आईबाप वाटेला लावायची सोय झाली. घोर कलियुग!’ खाली हात जोडलेल्यांची रांग. पाठवणाऱ्यांत आमचे एक निवृत्त हेडमास्तर निघाले, म्हणून राहवलं नाही.

इंजेक्शन कुणी देणार नाही वो. जानेवारी २०२५ ला आरोग्य खात्यानं आदेश काढला तो सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या अंमलबजावणीचा. निकाल २०१८ चा, त्यातल्या अटी २०२३ ला सैल केल्या. बरं व्हायची आशा संपली आणि माणूस नुसता यंत्रावर असेल, तर ते काढायचं की नाही हे ठरवायला आधी हॉस्पिटलचं एक मंडळ, त्याच्यावर दुसरं, त्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. घरच्यांची संमती पाहिजे, मॅजिस्ट्रेटला कळवायचं ते वेगळंच. एवढं होईतो पेशंट आपणच कंटाळून जाईल.

माझं भांडण उलटं आहे. एवढ्यावर थांबलो का? ज्याला यंत्र लावलेलंच नाही त्याला ह्या आदेशाचा काडीचा उपयोग नाही. आमचे थोरले मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. गालाला भोक पडलेलं, पाणी पाजलं की निम्मं बाजूनं टॉवेलवर. खोलीत वास मारायचा म्हणून नातवंडांना आत सोडत नव्हते आणि ते त्यांना कळत होतं. पूर्ण शुद्धीत होते, तंबाखूच्या वखारीचा हिशेब चोख सांगायचे, आणि डॉक्टर आले की हात जोडून एकच मागायचे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७ पासून असा माणूस डॉक्टरकडून औषध लिहून घेऊन आपल्या हातानं घेऊ शकतो. इथं का नको?

सिस्टर_खानापूर
का नको ते मी सांगते. आयसीयूत ड्युटी करते मी.

इथं हे कायम चालतंय. त्याला इच्छामरण म्हणत नाहीत, डामा म्हणतात. थोरला मुलगा येतो, बिल बघतो, बाहेर जाऊन भावाला फोन लावतो आणि ‘सिस्टर, घरी नेतो’ म्हणतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय म्हणून सही ठोकतो. मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये वाटभर श्वास द्यायची अंबू बॅग हातानं दाबायची आणि उंबऱ्याच्या आत घेतलं की नळी काढायची. मी काढलीय. भोवती सगळे उभे, कुणीतरी तोंडात तुळशीपत्र घालायला टपलेलं. पेशंटला काय पाहिजे होतं हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता ह्याच मुलाच्या हातात औषधाची चिठ्ठी द्यायची? उताऱ्यावर नाव चढायचं राहिलंय म्हणून बापाचा अंगठा घ्यायला शाईचं पॅड घेऊन वॉर्डात शिरलेले लोक हाकलून दिलेत आम्ही. आणि तुमच्या मामांना मॉर्फिन, दुखणं थांबवायचं औषध, कुणी दिलं होतं का? ते आधी सांगा.

टिळकवाडीकर
नाही दिलं. इथं मिळत नाही, हुबळीला जाऊन बघा म्हणाले. पण सिस्टर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. चोरून, बिल बघून, पेशंटला न विचारता चाललंय ते चालतं आणि पेशंट स्वतः मागतोय ते पाप? निदान कायदा केला तर विचारावं तरी लागेल.

हेडमास्तर (नि.)
मेसेज मीच पाठवला होता. तपशील चुकला असेल, भीती चुकलेली नाही. कॅनडानं २०१६ ला इच्छामरणाचा कायदा केला तेव्हा ज्याचा मृत्यू जवळ आलाय त्यालाच परवानगी होती. २०२१ ला ती अटसुद्धा काढली. एकदा दार किलकिलं झालं की झालं. तिथं पेन्शन आहे, सरकारी दवाखाने आहेत. आमच्याकडं म्हाताऱ्याची अडगळ व्हायला किती वेळ लागतो? आज हक्क म्हणून देणार, उद्या सून ताटाला हात लावायच्या आधी विचारेल, ‘मामंजी, तुमचं काय ठरलं?’

टिळकवाडीकर
सगळं खापर सुनेवर. मुलगा तेवढा श्रावणबाळ.

नोटरीकाका
जरा कायद्याचं बोलू. डॉक्टरनं पेशंटच्या मागणीवरून इंजेक्शन दिलं तर संमती असली तरी तो सदोष मनुष्यवध, भारतीय न्याय संहितेचं कलम १०१, अपवाद पाच. औषध आणून हातात दिलं तर कलम १०८, दहा वर्षांपर्यंत. ओरेगन इथं आणायचं तर संसदेनं कायदा बदलला पाहिजे, बेंगळूरच्या आदेशानं ते होत नाही.

आज करता येण्यासारखं एकच. शुद्धीत असताना लिहून ठेवा, की मला अमुक अवस्थेत यंत्रावर ठेवू नका. दोन साक्षीदार, नोटरी नाहीतर गॅझेटेड अधिकारी. २०१८ ला मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ती २०२३ ला गेली. एवढं सोपं झालंय, तरी माझ्याकडं लोक येतात ते गुंठ्याच्या भांडणाला.

येळ्ळूरचा_वाघ
लिहायचं कुठल्या भाषेत ते सांगा आधी!

आमच्या आबांना इथल्या एका हॉस्पिटलात नेलं. संमतीचा कागद कन्नडात, पाठीमागं इंग्रजी. ‘इथं सही करा’ म्हणून बोट दाखवलं, केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर गळ्याला भोक पाडून नळी घातलेली. बोलायचे बंद झाले ते झालेच. जगायच्या कागदाची ही तऱ्हा, तर मरायच्या कागदाची काय असणार? तालुक्यात पंधरा टक्के अल्पभाषिक असले की सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे हा नियम आहे. कुठं पाळतात? महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली तर इकडच्यांच्या पोटात दुखलं. २००४ पासून कोर्टात सीमेचा दावा पडून आहे, आणि चालले इच्छामरणाच्या गप्पा मारायला.

चिकोडीकर
झालं सुरू. मयताला आलं तरी ह्यांचा मोर्चा.

माझ्या वडिलांना कोल्हापूरला नेलं होतं. कागद शुद्ध मराठीत. तोही कुणी वाचून दाखवला नाही आणि आम्हीही वाचला नाही. व्हेंटिलेटरच्या दारात उभा असलेला माणूस कुठल्याच भाषेत वाचत नाही, गा.

येळ्ळूरचा_वाघ
तुम्हाला कन्नड येतंय म्हणून बोलणं सोपं आहे. आमची आई काउंटरवर नुसती मान हलवत उभी राहते, ते येऊन बघा एकदा.

चिकोडीकर
माझी आई कोल्हापुरात तशीच उभी होती. तिला मराठी येत नाही.

हेडमास्तर (नि.)
सीमाप्रश्न इथं नको. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला बोला.

येळ्ळूरचा_वाघ
सर, तुम्ही निवृत्त झाला, आम्ही नाही झालो.

भोजचा_पाटील
ह्या गदारोळात मघाशी एकानं ‘जैन उपाशी राहून मरतात ते बरं चालतं’ म्हणून टाकलं आणि लगेच पुसलं. वाचलंय मी.

आचार्य शांतिसागर महाराज आमच्या भोजचे. १९५५ ला कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवायचं व्रत, ती गावात अजून सांगतात. २०१५ ला राजस्थान हायकोर्टानं संथाऱ्याला, म्हणजे ह्याच व्रताला, आत्महत्या ठरवलं, सुप्रीम कोर्टानं महिना संपायच्या आत स्थगिती दिली. आमच्या आज्जीनंही घेतली. आधी भात सोडला, मग दूध, मग नुसतं पाणी. रोज कुणी ना कुणी विचारायचं, ‘आज्जी, घेणार काय?’ आणि ती हसून नको म्हणायची. सांगायचं हे, की त्यात डॉक्टर कुठं आला? मारणारा हात दुसऱ्याचा नको. तुमचं ओरेगन आणि आमची सल्लेखना एका ताटात वाढू नका.

टिळकवाडीकर
म्हणजे उपास करून हळूहळू गेलं तर पुण्य, आणि गिळताच येत नाही त्यानं काय करायचं? मामांचा उपास घडतच होता, न घेता.

सिस्टर_खानापूर
अरुणा शानबागचं नाव कुणी काढलं नाही म्हणून काढते. हळदीपूरची, आपल्याच राज्यातली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होती, तिथंच हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळली. बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सांनी तिला सांभाळलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. कोर्टात तिच्यासाठी मरण मागितलं तेव्हा नर्सा नाही म्हणाल्या. मला त्यांचा अभिमान आहे.

टिळकवाडीकर
मलाही आहे. पण अरुणाला काय पाहिजे होतं?

सिस्टर_खानापूर
ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून तर घाई नको म्हणते.

बरं, एवढं कबूल करते. माणूस शुद्धीत आहे, स्वतः मागतोय, घरचे खोलीच्या बाहेर आहेत, असा पेशंट असला तर मलाही उत्तर सुचत नाही. पण २०१४ ला कायदा सुधारून मॉर्फिनची वाट मोकळी केली, तरी ते खानापूरला मिळत नाही. ते आधी तालुक्याला आणा, दुखणं थांबल्यावरसुद्धा मागणारे किती उरतात बघू, मग तुमच्या ओरेगनच्या कागदावर पहिली सही माझी. तोवर डामाच्या सह्या मोजते.

टिळकवाडीकर
मोठे उपकार झाले. मॉर्फिनच्या अर्जावर मात्र आजच सही करतो, तो कुणाकडं द्यायचा सांगा.

येळ्ळूरचा_वाघ
काका, मराठीत लिहून आणलं तर शिक्का मारणार काय?

नोटरीकाका
मारतो की. कोर्टानं भाषा ठरवून दिलेली नाही. पण आयसीयूत कुणाला वाचता आलं पाहिजे म्हणून कन्नड प्रत जोडा.

येळ्ळूरचा_वाघ
जोडतो. चिकोडीकर, भाषांतर तुम्हीच करून द्या. फुकट.

चिकोडीकर
पाठवा. आबांचं काय झालं पुढं, तेही कळवा.