मदत हवी आहे: वायफायवर २८०, पण केबलवर ९४ च्या पुढे जात नाही

नमस्कार मंडळी. घरी ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झ वायफायवर २८० पर्यंत स्पीड मिळतो, पण आतल्या खोलीतला डेस्कटॉप, तोही केबलने जोडलेला, ९४ वरच अडकतो. विंडोजमध्ये लिंक स्पीड (केबलच्या जोडणीचा वेग) १००/१०० दिसतो. मला व्हिडिओच्या मोठमोठ्या फाइली रोज उतरवाव्या लागतात, त्यामुळे फार खोळंबा होतो.

राउटरचे पोर्ट आणि डेस्कटॉपचं कार्ड दोन्ही गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत. पोर्ट बदलले, ड्रायव्हर नवा टाकला, काही फरक नाही. काल डेस्कटॉप उचलून राउटरपाशी नेला, छोटी केबल लावली आणि लगेच १००० दिसलं! म्हणजे दोष भिंतीतून गेलेल्या २० मीटर कॅट ५ई केबलचाच. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली असेल किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट दाबून बसली (क्रिंप झाली) नसेल.

केबल ओढून काढायची तर नुकताच दिलेला रंग खराब होईल, ते शक्यतो टाळायचंय. आधी दोन्ही टोकांचे आरजे-४५ प्लग कापून नवे बसवू का? की साधा केबल टेस्टर आणून कुठली तार गेली ते बघू? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.