जुन्या डिझेल जीपचे दिवे मंदावतात, बॅटरी उतरते : दोष आल्टरनेटरचाच आहे का?

प्रश्न (रावेर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००२ सालची डिझेल जीप असून केळीच्या बागेतील मजुरांची आणि खतांच्या गोण्यांची ने-आण अजूनही तिच्यावरच चालते. अलीकडे इंडिकेटर लावला की त्याच लयीत पार्किंगचे दिवे लुकलुकतात, हेडलाइट चालू असताना हॉर्न दाबला तर त्याचा आवाज बसतो आणि गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही. बॅटरी नवी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर १३.१ व्होल्ट दाखवतो. कारागीर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदला म्हणतात. तेवढा खर्च करण्यापूर्वी खात्री कशी करावी?

उत्तर (धुळे, ऑटो इलेक्ट्रिशियन)

भाऊ, आल्टरनेटर इतक्यात बदलू नका. इंडिकेटरबरोबर दुसरे दिवे लुकलुकणे हे बहुतेक वेळा अर्थिंग कच्चे असल्याचे लक्षण असते, कारण करंटला बॅटरीकडे परतण्याची सरळ वाट मिळाली नाही तर तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली, तर सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊन ती तापल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

त्यामुळे आधी मोजा. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, आल्टरनेटरच्या जाड वायरचा नट आणि त्याचीच बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज पाहा. तेथे १४ च्या आसपास मिळाले आणि बॅटरीवर मात्र १३.१ असले, तर आल्टरनेटर चार्ज करतो आहे आणि व्होल्टेज वाटेत गळते आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लिपवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरा. या स्थितीत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर अर्थची वायर, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्ट उघडून पाहायलाच हवेत.

बॅटरी उतरण्याचे कारण वेगळे असू शकते. चावी काढून, दिवे आणि रेडिओ बंद करून, निगेटिव्ह वायर सोडवा आणि खांब व वायर यांच्यामध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मीटर जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. अशा जुन्या गाडीत हा आकडा जवळपास शून्य असतो, ०.०५ अँपिअरच्या वर गेला, तर एकेक फ्यूज काढत तो कधी खाली येतो ते पाहा.

उत्तर (भुसावळ)

वरील सल्ला योग्यच आहे. उंदरांकडेही लक्ष द्या. घरात कापूस भरलेला असतो त्या दिवसांत शेडमधल्या गाडीची वायरिंग ते हमखास कुरतडतात. शिवाय तुमच्या जीपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागे असेल, तर त्याच्या सीलमधून ऑइल आत झिरपते का तेही तपासा, कारण आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) ऑइलने माखले की चार्जिंग मंदावते. बॅटरीचे पाणीही पाहत राहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा ते लवकर आटते आणि प्लेटा उघड्या पडल्या की नवी बॅटरीही टिकत नाही.

प्रश्नकर्ता (रावेर)

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट मिळाले, तर निगेटिव्ह खांब आणि ब्लॉक यांच्यामध्ये तब्बल ०.९. अर्थची वायर चासीला जेथे बसते, तेथे थिंबलखाली रंगाचा थर आणि त्यावर हिरवट बुरशी होती. जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासून बोल्ट आवळला. आता बॅटरीवर १४.१ येतात आणि दिवेही लुकलुकत नाहीत. मात्र सर्व फ्यूज काढूनही ०.४ अँपिअर गळती कायम आहे. आल्टरनेटरची जाड वायर सोडवली तरच ती थांबते.

उत्तर (धुळे, ऑटो इलेक्ट्रिशियन)

म्हणजे आल्टरनेटरच्या डायोड प्लेटमधील एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतो आहे. ०.४ अँपिअर म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास, म्हणून तीन-चार दिवसांत बॅटरी बसते. चार्जिंग ठीक असल्यामुळे पूर्ण आल्टरनेटर बदलण्याची गरज नाही; तो उघडून केवळ प्लेट बदलून घ्या, आणि उघडलाच आहे तर कार्बन, बेअरिंग आणि व्हॅक्यूम पंपाचे सीलही पाहून घ्या. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर आवर्जून सोडवा, कारण ती जाड वायर थेट बॅटरीवरून येते आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. प्लेट येईपर्यंत गाडी उभी करताना रोज रात्री निगेटिव्ह वायर काढून ठेवत जा.