मदत हवी आहे: राग आला की गप्पच बसते मी

जय ख्रिस्त मैत्रिणींनो, मी ऐरोलीला राहते, परवा सासूबाई पाहुण्यांसमोर भाजीवरून बोलल्या आणि मी अर्धा तास एकच कढई घासत बसले, डोळ्यात पाणी, तोंडातून शब्द नाही. महिला सभेत म्हणतात क्षमा कर, प्रार्थना कर. करतेच की! पण बायबलमधल्या इफिसकरांस 4:26 मध्ये राग येणंच पाप असं कुठेय, सूर्य मावळायच्या आत मिटवा एवढंच ना, आणि बायबलमधलीच ती हन्ना, रडत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, एली याजकाला वाटलं प्यायलीये, तर तिने सरळ सांगितलं की मी दुःखी आहे म्हणून. मला तेच जमत नाही. ठाणे-वाशीकडे मराठी बोलणारी, विश्वास समजून घेणारी लेडी कौन्सिलर माहितीये का कोणाला? शनिवारी चालेल, फी पण सांगा.