गोळ्यांचं कापड

भविष्यातल्या आरोग्यसेवेवरच्या चित्रांत फक्त यंत्रमानव आणि तब्येत मोजणारी मनगटावरची घड्याळंच दिसतात, अशी तक्रार इथे कुणी केली होती, ती पटली. मला मात्र या संदर्भात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली 'क्रेडल टू ग्रेव्ह' (पाळण्यापासून थडग्यापर्यंत) ही 2003 ची कलाकृती फार मोलाची वाटते. सुझी फ्रीमन, डेव्हिड क्रिचली आणि डॉ. लिझ ली यांनी ती केली. जाळीदार कापडाच्या दोन लांबच लांब पट्ट्या, एक पुरुषाची आणि एक बाईची. विणीतल्या प्रत्येक इवल्या कप्प्यात एकेक गोळी. जन्मापासूनची औषधं क्रमाने, प्रत्येक पट्टीत 14,000 हून जास्त! पुरुष 76 व्या वर्षी पक्षाघाताने जातो. शेवटच्या दहा वर्षांत त्याने घेतलेल्या गोळ्या आधीच्या 66 वर्षांइतक्या भरतात.

ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार उपचार म्हणतात, ते असं माणसागणिक उलगडून दाखवायला हवं. जनुकं तपासून औषध ठरवण्याचे दिवस आलेच आहेत. एखाद्या चित्रकाराने आता असंच कापड चालणं, झोप, जेवण यांचंही विणावं. आणि चाळिशीत सवयी बदलल्या तर सत्तरीतले किती कप्पे रिकामे राहतील, तेही त्यात दिसावं. कुणी असं काम केलेलं माहीत असेल तर इथे जरूर लिहा.