उंच स्त्रियांसाठी शोभणारे आणि सोयीचे कपडे व बूट : सल्ला हवा आहे

रेघोटी :
माझी उंची १७८ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट दहा इंच, आणि पाऊल २६.५ सेंटीमीटर लांब आहे. कामाच्या ठिकाणी दिवसाचा बराचसा वेळ उभ्याने जातो आणि तिथे शर्ट, पँट, जॅकेट असा नेटका पोशाख अपेक्षित असतो. अडचण अशी की, कमरेला नीट बसणारी पँट घोट्याच्या वरच थांबते, आणि एक माप मोठी घेतली तर ती कमरेत सैल होते, लांबीत मात्र जेमतेम अर्ध्या बोटाचा फरक पडतो. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत पोहोचत नाहीत आणि ड्रेसची कंबर बरगड्यांवर येते. बुटांचे दुखणे वेगळेच आहे. जे पसंत पडतात ते माझ्या मापात नसतात, आणि मापात असतात ते एक तर टाचेला ढगळ, नाहीतर पुठ्ठ्यासारख्या पातळ तळाचे. उंची लपवण्याची माझी इच्छा नाही. कपडे आखूड झाल्यासारखे दिसू नयेत आणि संध्याकाळी पाय ठणकू नयेत, एवढेच हवे आहे. घेताना काय पाहावे, शिंप्याकडून काय करून घेता येते आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुईदोरा :
रेघोटीताई, मोठे माप घेऊनही लांबी का मिळत नाही, याचे उत्तर कपडा बेततानाच ठरलेले असते. स्त्रियांच्या तयार कपड्यांचे मूळ माप बहुधा १६५ ते १६८ सेंटीमीटर उंची गृहीत धरून आखतात, आणि त्यावरून पुढची मापे काढताना छाती, कंबर आणि नितंब यांचा घेर वाढवत नेतात. लांबी नावापुरतीच वाढते. म्हणजे मोठे माप हे अंगाने अधिक भरलेल्या, पण जवळपास तेवढ्याच उंचीच्या स्त्रीचे माप असते. ते तुम्ही घातले की खांदा दंडावर उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडलेली काखेतली गोलाई, खोल जातो, हात वर केला की अख्खा शर्ट वर सरकतो आणि बाही होती तिथेच राहते.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. उंच व्यक्तीची जास्तीची लांबी एकाच टोकाला साठलेली नसते. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ती थोडी थोडी वाटली गेलेली असते. त्यामुळे पँट केवळ खालून वाढवून भागत नाही. गुडघ्यापाशी निमुळती होऊन खाली रुंदावणारी जीन्स घालून आरशासमोर बाजूने उभ्या राहा आणि कापड सर्वांत अरुंद कुठे आहे ते बोटाने चाचपा. ती जागा गुडघ्याच्या वाटीवर यायला हवी. ती दोन बोटे वर, मांडीकडे आली असेल, तर वाटीच्या वर आडव्या सुरकुत्या जमतात, बसताना कापड तिथेच ताणते आणि रुंदावणारा भाग मांडीपासूनच सुरू झाल्यामुळे नडगीची ठेवण बिघडलेली दिसते. अशी पँट खाली चार बोटे वाढवली तरी दुसऱ्या कोणाची तरी घातल्यासारखी दिसणार.

‘टॉल’ म्हणून विकली जाणारी मापे साधारणपणे १७५ सेंटीमीटर आणि त्याहून अधिक उंचीसाठी असतात. पँटच्या आतल्या शिवणीची लांबी नेहमीच्या मापात ३० ते ३२ इंच असते, टॉलमध्ये ती ३४ ते ३६ इंचांपर्यंत जाते. मात्र काही उत्पादक गुडघा, आसन आणि कोपर या जागाही खाली सरकवतात, तर काही जण नुसताच खालचा काठ वाढवून मोकळे होतात. हे ओळखायचे असेल तर आसन मोजा. पुढच्या कमरपट्ट्यापासून दोन पायांच्या मधून मागच्या कमरपट्ट्यापर्यंत टेप फिरवून येणारा आकडा आपल्या सर्वांत सोयीच्या पँटच्या आकड्याशी ताडून पाहावा. आसन कमी असेल, तर बसल्यावर मागचा कमरपट्टा खाली ओढला जातो, आणि त्यावर शिंप्याकडेही फारसा इलाज नसतो.

शिंप्याकडून काय होते, हे विचारलेत म्हणून सांगते. कमरेत आणि कडेच्या शिवणीत रुंदी आत घेणे सोपे आहे. बाहीचा घेर कमी करता येतो. खांदा अरुंद करता येतो, पण त्यासाठी बाही उसवून पुन्हा बसवावी लागते, तेव्हा चांगल्या जॅकेटखेरीज तो खटाटोप करू नये. खोल गेलेला मुंढा मात्र वर आणता येत नाही, कारण तिथले कापड कापून गेलेले असते. पँट किंवा बाही खाली सोडायची असेल, तर आत किती माया, म्हणजे दुमडून ठेवलेले जादा कापड, आहे ते विकत घेण्यापूर्वीच काठ उलटून पाहावे. दोन इंच माया असेल, तर काठाच्या आतून वेगळ्या कापडाची पट्टी लावून जवळजवळ सगळी लांबी वापरता येते. लोकरी कापडावरची जुनी घडी वाफेच्या इस्त्रीने बहुतांशी निघते. सुती कापडावर आणि विशेषतः डेनिमवर ती फिकी रेघ होऊन कायमची राहते. म्हणून खांदा आणि लांबी जमत असेल असाच कपडा निवडावा, रुंदीची काळजी करू नये.

आणखी एक. सुती कापड धुतल्यावर आटते आणि ते बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने, म्हणजे लांबीतच अधिक आटते. ३४ इंच लांबीची पँट तीन टक्के आटली तरी इंचभर गेली. इतरांच्या हे लक्षातही येत नाही, आपल्याला मात्र त्याच इंचाची निकड असते. नवा सुती कपडा धुऊन वाळवल्याशिवाय त्याची लांबी पक्की करू नये.

चांदणवेल :
उंच स्त्रियांनी आडव्या पट्ट्यांचे कपडे घालावेत, म्हणजे उंची विभागली जाऊन प्रमाणशीर दिसते, असे मी नेहमी ऐकत आले आहे. शिवाय बूट सपाटच घ्यावेत, म्हणजे प्रश्नच मिटला.

सुईदोरा :
चांदणवेल, पट्ट्यांविषयीचा हा समज सर्वत्र आढळतो, पण त्याला आधार फारसा नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते की, आडव्या रेघांनी भरलेला चौरस हा उभ्या रेघांच्या तेवढ्याच चौरसापेक्षा अधिक उंच आणि अरुंद भासतो. आडवे पट्टे आवडत असतील तर खुशाल घालावेत, पण उंची कमी दिसेल या आशेने नव्हे. उंची विभागण्याचे काम पट्ट्यांपेक्षा कपड्याचे काठ करतात. शर्ट कुठे संपतो, पट्टा कुठे येतो आणि पँट कुठे थांबते, यावर नजर ठरते. वर आणि खाली वेगळे रंग घेतले आणि शर्ट नितंबाच्या हाडापर्यंत आणला, की लांबच लांब पाय आणि आखूड धड असा तोल बिघडत नाही. ज्यांचे धडच लांब आहे, त्यांनी मात्र शर्ट आत खोचून उंच कमरेची पँट घालावी.

अनवाणी :
बुटांविषयी मी लिहितो; हा माझा रोजचा विषय आहे. सपाट म्हणजे आरामदायी, हे चांदणवेल यांचे म्हणणे मला मान्य नाही. अगदी पातळ, सपाट तळाच्या बुटात टाचेला आणि कमानीला आधारच नसतो, आणि दिवसभर उभे राहणाऱ्या व्यक्तीचा तळवा त्याने हमखास दुखतो. दुसऱ्या टोकाला, टाच जितकी उंच तितका भार चवड्यावर सरकतो. दोन ते तीन सेंटीमीटरची रुंद टाच बहुतेकांना मानवते. उंची आधीच भरपूर आहे म्हणून एवढीही टाच नको, असे म्हणणाऱ्या स्त्रियांना मी इतकेच सांगतो की, १७८ आणि १८१ यांतला फरक समोरच्याला कळत नाही, तुमच्या पायाला मात्र कळतो.

आता माप. संध्याकाळी, पाय दिवसभराने किंचित सुजलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे आणि दोन्ही पावलांची लांबी मोजावी. मोठ्या पावलाचे माप धरावे. युरोपीय मापाचा एक आकडा म्हणजे सेंटीमीटरचा दोन तृतीयांश भाग. पावलाच्या लांबीत पुढची मोकळी जागा म्हणून दीड सेंटीमीटर मिळवून दीडने गुणले की अंदाज येतो. तुमच्या २६.५ ला हे गणित ४२ देते, आणि ते ब्रिटिश आठच्या जवळपास बसते. ज्या बुटांवर पावलाची लांबी थेट मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तिथे ही आकडेमोड करावी लागत नाही.

पण निव्वळ लांबीवर विसंबू नये. दोन पावले सारख्याच लांबीची असली, तरी एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची कमान लांब असू शकते. पाऊल वाकते ते चवड्याच्या सांध्यावर, आणि बूटही नेमका तिथेच वाकायला हवा. दुकानांत वापरले जाणारे ब्रॅनॉक मापयंत्र लांबी आणि रुंदीबरोबर टाच ते चवडा हे अंतरही मोजते, ते याचसाठी. ते यंत्र हाताशी नसेल, तर बूट घालून टाच उचला आणि वरच्या चामड्यावर घडी कुठे पडते ते पाहा. ती बोटांच्या मुळाशी, रुंद भागावर पडली तर बूट योग्य. कमानीकडे पडली, तर तो बूट तुमच्या चवड्यासाठी आखूड आहे, पुढे अंगठ्याला कितीही जागा असली तरीही. सुईदोरा यांनी गुडघ्याबद्दल जे लिहिले, तेच इथे चवड्याबद्दल समजावे.

रेघोटी :
दोघांचेही मनापासून आभार. घडीची चाचणी लगेच करून पाहिली आणि कपाटातल्या कोणत्या जोडाने पाय दुखतो, याचा उलगडा झाला. दोन प्रश्न उरतात. माझ्या मापात पर्याय कमी असल्यामुळे पुरुषांचे बूट घ्यावेत का? आणि पाय मोठा दिसू नये म्हणून काही करता येते का?

अनवाणी :
लेस असलेले पुरुषांचे बूट अवश्य पाहावेत, कारण ४२ हे त्यांच्याकडे सर्रास मिळणारे माप आहे. ब्रिटिश आकडे प्रौढ स्त्री-पुरुषांना सारखेच असतात. अमेरिकन आकड्यांत मात्र स्त्रियांचा आकडा साधारण दीडने मोठा असतो. पुरुषांचा साचा टाचेकडे अधिक रुंद असतो, तेव्हा टाच आत सरकत असेल तर लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून घट्ट करावी, किंवा टाचेच्या आत पातळ गादी चिकटवावी. बिनलेसचे, पायात सरकवायचे पुरुषी बूट मात्र अरुंद टाचेवर राहत नाहीत.

पाय मोठा दिसण्याबद्दल बोलायचे, तर टोकदार बूट टाळावेत. बोटांपुढची रिकामी जागा धरली तर ते पावलापेक्षा बरेच लांब असतात, आणि बोटेही चेपतात. बदामाच्या आकाराचे किंवा गोलसर टोक, पायावर आडवा जाणारा पट्टा आणि थोडा जाड तळ यांनी पाऊल आटोपशीर दिसते. लांब पायांखाली कागदासारखा तळ असला, की सगळा पोशाख अधांतरी वाटतो. हे अर्थात माझे मत आहे.

निळावंती :
माझी उंची १८३ सेंटीमीटर आहे. पोहण्याचा पोशाख आणि जम्पसूट घेताना उंची किंवा छातीचा घेर पाहू नका. खांद्यावरून पुढे, दोन पायांच्या मधून मागे, पुन्हा त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवा आणि तो आकडा वापरा. यात दोन इंच कमी पडले, तरी पट्टे खांद्यात रुततात.

गुडघ्यापर्यंतचे बूट घेताना नळीची उंची आणि पोटरीचा घेर दोन्ही विचारावेत. नेहमीच्या उंचीच्या स्त्रीला जे गुडघ्याखाली येतात, ते आपल्याला पोटरीच्या सर्वांत जाड भागावर थांबतात, तिथेच घासतात आणि पाय जाड दिसतो. घोट्याच्या जरा वर संपणारे बूट त्यापेक्षा कितीतरी बरे.

सुईदोरा :
जॅकेटबद्दल सांगायचे राहिले होते. एकाच बटणाचे असेल, तर बटण कमरेच्या सर्वांत अरुंद जागी यावे. ते वर येत असेल तर ते जॅकेट सोडून द्यावे, कारण काज हलवता येत नाही. बाही मनगटाच्या हाडाला टेकावी, आणि हे हात सरळ सोडून नव्हे, तर कोपर किंचित वाकवून पाहावे. बाही इंच-दीड इंच कमी पडत असेल आणि माया नसेल, तर ती कोपराखाली व्यवस्थित दुमडून पाऊणच करावी. पँटचेही तसेच. पूर्ण लांबीची पँट पुढे बुटाला टेकून मागे जमिनीपासून एक-दोन सेंटीमीटर वर थांबावी, आणि ते जमत नसेल तर घोट्याच्या हाडाच्या तीन-चार बोटे वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथे, कापून घ्यावी. मात्र ज्या बुटांवर ती घालणार आहात, तेच बूट पायात घालून शिंप्याकडे जावे.