परदेशातल्या एखाद्या ठरावीक कामाला थेट पैसे द्यावेत का?

कुळागर (फोंडा)
दरवर्षी चवथ झाली की घरात दानाची रक्कम बाजूला काढतो. यंदा ती मोझांबिकमधल्या एका गावच्या हातपंपाला द्यावी म्हणतोय. आजोबा बैरा बंदरात कारकून होते. २०१९ च्या मार्चमध्ये इदाय चक्रीवादळानं त्या शहराची वाताहत केली, तेव्हापासून हे मनात आहे. एका संस्थेनं गावाचं नाव, फोटो, खर्च सगळं मांडलंय. मोठ्या संस्थेच्या सामाईक निधीत टाकलेले पैसे कुठे मुरतात ते कळत नाही. एक गाव, एक काम, एक हिशेब, हे मला पटतं. तुमचं मत सांगा.

सत्तरीकर
मला नाही पटत. "माझ्या पैशानं हाच पंप" हे नातं बहुतेकदा कागदावरच असतं. किवा ही संस्था २००५ पासून गरजूंचे फोटो दाखवून छोट्या कर्जांसाठी पैसे गोळा करते. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या संशोधकानं दाखवून दिलं की बहुतेक कर्जं फोटो झळकण्याआधीच वाटून झालेली असतात. त्यानंतर किवानं आपला मजकूर बदलला. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण माणूस आपण निवडतो हा देणाऱ्यांचा समज खरा नव्हता.

आणि मोझांबिकमध्येही बसवलेला तो 'प्लेपंप' आठवा. मुलं चक्रावर बसून खेळणार आणि पाणी टाकीत चढणार! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २००९ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकानं हिशेब मांडला, तर ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागलं असतं. शेवटी ते जड चक्र बायकाच हातानं ढकलत होत्या. देणाऱ्याच्या डोळ्यांना जे गोड दिसतं त्याला पैसा मिळतो, हा माझा मूळ आक्षेप.

शुभा_मांद्रे
सत्तरीकर, तो त्या यंत्राचा आणि घाईचा दोष. कित्येक ठिकाणी चालता हातपंप काढून, गावाला न विचारता ते बसवलं. तिकडेच अफ्रिदेव नावाचा साधा हातपंप वापरतात. गावकऱ्यांना थोडक्या हत्यारांनी स्वतः उघडता यावा म्हणूनच १९८० च्या दशकात तो घडवला. तेव्हा कुळागर यांनी फोटो बघण्यापेक्षा विचारावं की वॉशर कुठल्या बाजारात मिळतो, तो बाजार किती लांब आहे, दुरुस्तीचे पैसे कोण गोळा करतं.

आमच्या वाड्यावर देणगीतून आलेला पंप आहे. देणगीदाराची संगमरवरी पाटी अजून लख्ख. दांडा मारला की नुसता खडखडाट होतो, पाणी नाही. आतला वॉशर झिजलाय, आणि तो बदलणं कोणाचं काम हे कधी ठरलंच नाही. म्हणून मला ठरावीक कामच हवं, पण त्यात दहा वर्षांची दुरुस्ती धरलेली हवी.

डिचोलीचा_बाबलो
मग गावालाच ठरवू द्या ना! रोख द्या. केनियात गिव्हडायरेक्टली ही संस्था एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतून गरीब कुटुंबांना बिनशर्त रक्कम देते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या घरांत गुरंढोरं वाढली, जेवणखाण सुधारलं, दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. पुष्कळांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले, कारण गवत पुन्हा पुन्हा बदलण्यात पैसा जातो. आपल्याकडे गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजार आईच्या खात्यात येतात, तिच्याकडे कोणी फोटो मागत नाही. मग केनियातल्या बाईकडे का मागायचा?

शुभा_मांद्रे
बाबलोबाब, एकटं कुटुंब त्या रकमेत गावासाठी बोअर मारणार नाही. पाणी, साकव, रस्ता ही सगळ्यांनी मिळून करायची कामं. आणि रोख वाटपातही हात मारले जातात. काँगोत २०२२ मध्ये त्याच संस्थेचे सुमारे ९ लाख डॉलर लाटले गेले, त्यात आतलेच लोक होते.

डिचोलीचा_बाबलो
खरं आहे, आणि संस्थेनं ते स्वतः जाहीर केलं. बंद पडलेल्या पंपांची यादी किती संस्था जाहीर करतात?

साखळीकर
एवढ्या लांब कशाला? गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये बंद पडल्या तेव्हा आमच्याकडे ट्रकांचे हप्ते थकले, घरातलं सोनं गहाण पडलं. आधी दारातलं बघा. शिवाय व्यवहाराचं म्हणाल तर परदेशी देणगी एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली स्वतःच्या नावानं पाठवता येते, सगळे व्यवहार धरून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. एखाद्या मंडळाच्या नावानं त्या योजनेत जमत नाही. परदेशी संस्थेला दिलं तर प्राप्तिकरात देणगीची सवलतही नाही.

कुळागर (फोंडा)
सवलतीसाठी देत नाही. साखळीकर, खाणपट्ट्यातली ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण इथे घर बसलं तरी रेशन असतं, सरकारी इस्पितळ हाकेच्या अंतरावर असतं. तिकडच्या खेड्यात बाईचा अर्धा दिवस पाण्यातच जातो. म्हणून तिकडे द्यायचं हे माझं ठरलेलं आहे. शुभाताईंचे प्रश्न संस्थेला पाठवलेत. बाबलोचाही एक जोडलाय: याआधी बसवलेल्या पंपांपैकी आज किती बंद आहेत? नीट उत्तर आलं तर पंपाला, नाहीतर रोख वाटपाला.

सत्तरीकर
उत्तर इथे जरूर टाका. बंद पंपांचा आकडा शून्य सांगितला, तर मात्र पैसे पाठवू नका.